भंगारवाल्याला घालवू नका

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोठा वाद झाला. पुण्याच्या मामेबहिणीचं, म्हणजे ताईचं, म्हणणं असं की पर्यावरण सांभाळून जगणं हे पैसेवाल्यांचं काम. बांबूचे ब्रश, सेंद्रिय साबण, सगळंच महाग. "तुम्हाला जर्मनीत परवडतं, आम्ही काय करायचं?" त्या वस्तू महाग आहेत हे तिचं खरं आहे. पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. ज्यानं खरा फरक पडतो ते पुण्यात आजही इथल्यापेक्षा स्वस्त आहे, आणि तेच आपण हातचं घालवतो आहोत.

जर्मनीत लोक काटकसरीनं वागतात त्यामागे पैशाचा हिशेब असतो. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की 25 सेंट अनामत जादा पडते. ही पद्धत 2003 पासून आहे. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या मशीनच्या गोल तोंडात सरकवायची, मशीन ती फिरवून खूण वाचतं, शेवटी चिठ्ठी हातात येते आणि तेवढी रक्कम बिलातून वजा होते. त्यामुळे बाटली रस्त्यावर पडून राहत नाही. राहिलीच तर पेन्शनीत न भागणारे आजी-आजोबा ती उचलतात. म्हणून बरेच लोक बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी करून ठेवतात, त्यांना आत हात घालावा लागू नये म्हणून. श्रीमंत देशातलं हे दृश्य मला आजही अस्वस्थ करतं. महाराष्ट्रात 2018 च्या प्लॅस्टिकबंदीतही बाटल्या पैसे देऊन परत घ्यायची कल्पना होती, पण ती रुजली नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र जर्मनी आपल्यापुढे फिकी पडते. माझ्या मिक्सरचा कपलर झिजला तेव्हा दुकानदारानं सरळ नवा घ्यायला सांगितलं, कारण कारागिराच्या तासाचा दर मिक्सरच्या किमतीच्या आसपास जातो. पुण्यात हेच काम कोपऱ्यावरचा माणूस उभ्या उभ्या करून देतो. साडीला फॉल लावणारी, चेन बदलणारा शिंपी, कुकरची रिंग आणि शिटी बसवणारा, रद्दी तोलून नेणारा: हे सगळे आपल्या गल्लीत आहेत. आणि नव्या टॉवरच्या सोसायट्या गेटवर पाटी लावतात, "फेरीवाले व भंगारवाले यांना प्रवेश नाही."

कचरा वेचणाऱ्या बायकांचंही तेच. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. तिच्या सभासद दारोदार जाऊन ओला-सुका कचरा घेतात आणि सुका हातानं निवडून पुन्हा वापरात आणतात. तरी हे काम ठेकेदाराच्या गाड्यांकडे द्यावं असा सूर अधूनमधून निघतोच. महिन्याचं शुल्क एका पिझ्झापेक्षा कमी, पण तेवढ्यावरूनही सोसायटीत कटकट होते. आपली ही सगळी व्यवस्था स्वस्त आहे कारण या लोकांना कमी पैसे मिळतात, आणि हे मला मान्य नाही. त्यांना जास्त दिले तरी नवी वस्तू घेण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.

बाकी घरातल्या गोष्टी ताईला मी साध्या हिशेबानं सांगितल्या. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, 30 च्या आसपास. दिवसाला 10 तास चालला तर महिन्याला 13-14 युनिट वाचतात, म्हणजे पंख्याची जादा किंमत यथावकाश वसूल होते. भात, वरण आणि बटाटे एकाच कुकरात, एकावर एक. कपडे दोरीवर. इथे वीज महाग म्हणून थंडीतही लोक घरातच स्टँडवर कपडे वाळत घालतात, आणि पुण्याच्या कडक उन्हात काही सोसायट्या बाल्कनीतल्या दोऱ्या दिसायला वाईट म्हणून काढायला लावतात! हा नियम मला अजिबात पटत नाही.

ताईच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. दोऱ्यांवरची बंदी उठवा, कचरा नेणाऱ्या ताईंचं शुल्क वाढवा आणि रविवारी सकाळी भंगारवाल्याला आत येऊ द्या, असे तीन ठराव तिनं मांडावेत असं मी तिला लिहिलं आहे. अनुमोदन द्यायला मामा तयार आहेत.