खोगीरभरती? न्यू जपानच्या टॅग मॅचवरच्या आरोपांना उत्तर

प्रो-रेसलिंगच्या चाहत्यांत एक आरोप वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात तो असा: न्यू जपान प्रो-रेसलिंग ही जपानी कंपनी आपले सर्वोत्तम मल्ल टॅग मॅचमध्ये, म्हणजे जोड्यांच्या किंवा संघांच्या लढतीत, वाया घालवते. मोठी नावं सहा-आठ जणांच्या गर्दीत उभी करायची आणि शेवटी एखाद्या पोराला पाडून मोकळं व्हायचं. स्टार तिथे आराम करतात, निकालाला किंमत नसते, रोज तेच ते चालतं, तरुण दबतात आणि खऱ्या जोड्यांना कुणी विचारत नाही. रोज सिंगल्स, म्हणजे एकास एक लढती, लावा, सगळं सुधारेल.

यातला एक मुद्दा बऱ्यापैकी खरा आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आधी आराम. जी-वन क्लायमॅक्स या कंपनीच्या वार्षिक साखळी स्पर्धेचा हिशेब मांडला की हा मुद्दा निम्मा सुटतो. 2018 चा जी-वन 14 जुलै ते 12 ऑगस्ट चालला: 30 दिवसांत 19 कार्यक्रम. मल्ल 20, दहा-दहांचे दोन गट, प्रत्येकाच्या गटात 9 लढती. एका गटाच्या एकूण लढती 45, म्हणजे एका रात्री एकाच गटाच्या 5. त्या रात्री दुसऱ्या गटातले दहाजण काय करणार? हॉटेलात बसवले, तर त्या गावच्या प्रेक्षकाला निम्मे स्टार दिसणारच नाहीत. रोज सिंगल्स लावल्या, तर 30 मिनिटांची मुदत असलेल्या जोरदार लढती एकेकाला 9 ऐवजी 18 खेळाव्या लागतील. मधला मार्ग म्हणून त्यांना दहा-बारा मिनिटांच्या टॅगमध्ये घालतात. ओळखीच्या चार चाली खेळायच्या, गुडघा सांभाळायचा, सहकाऱ्याला टच देऊन आपल्या जागी आत पाठवायचं. हा आराम आहेच, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे.

जोड्याही वाटेल तशा लावत नाहीत. उद्या ज्यांची गटात गाठ आहे, ते आज दोरीच्या दोन बाजूंना असतात. आजच्या तीन मिनिटांत त्यांची जी झटापट होते, ती उद्याच्या लढतीची पहिली पायरी.

मात्र टॅगमध्ये जोखीमच नसते, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही. न्यू जपानचा मल्ल तोमोआकी होन्मा याच्या मानेच्या मज्जारज्जूला इजा झाली ती 3 मार्च 2017 रोजी, ओकिनावातल्या नागो इथे, दौऱ्यावरच्या साध्या टॅग मॅचमध्ये. दोरीवर पाय अडकवून दिलेला डीडीटी, म्हणजे डोकं खाली आपटायचा डाव, चुकला. त्याला परत रिंगमध्ये उतरायला वर्षाहून जास्त काळ लागला. उलट बाजूही बघा. 2020 मध्ये साथीच्या निर्बंधांमुळे जी-वनचं कार्ड आटोपशीर केलं: सुरुवातीला नवख्यांची एक लढत, मग थेट 5 सिंगल्स. टॅग मॅचना जवळपास फाटाच. म्हणजे आरोप करणाऱ्यांना हवं तसं कार्ड एकदा होऊन गेलं आहे. त्याने जखमांचा प्रश्न मात्र सुटला नाही. 2021 च्या जी-वनमध्ये पहिल्याच रात्री स्टार मल्ल नाइतोचा गुडघा गेला, आणि अंतिम लढतीत तितक्याच बड्या इबुशीचा खांदा. दोन्ही सिंगल्स.

दुसरा मुद्दा: निकालाला किंमत नाही, कारण नेहमी खालचाच पडतो. इथे आरोप करणारे अर्धं वाक्य वाचून पुस्तक मिटतात.

सहाजणांच्या टॅगमध्ये प्रत्येक बाजूला उतरंड असते: एक म्होरक्या, एक मधला, एक खालचा. निकाल आधी ठरलेला असतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. ठरवणाऱ्याच्या हातात खरा प्रश्न एवढाच, की पाडायचं कुणाला. शंभरातल्या बहुतेक रात्री खालचा पडतो. त्यामुळे दोन्ही म्होरक्यांची पत शाबूत राहते आणि लोकांना निकाल मिळतो. पण ही सवय इतकी पक्की आहे, की ती मोडली की सभागृह हादरतं. 2019 च्या जी-वनमध्ये मिनोरू सुझुकीला जागाच दिली नव्हती. अंतिम दिवशी, 12 ऑगस्टला बुदोकानमध्ये, तो झॅक सेबर ज्युनिअरला घेऊन ओकाडा आणि तानाहाशी या कंपनीच्या दोन बड्या स्टारांसमोर उतरला आणि त्याने आयडब्ल्यूजीपी चॅम्पियन (कंपनीच्या सर्वोच्च किताबाचा, म्हणजे बेल्टचा, मानकरी) ओकाडालाच चीतपट केलं. बेल्ट पणाला नव्हता, पण हक्क तयार झाला: 31 ऑगस्टला लंडनमध्ये ओकाडा विरुद्ध सुझुकी, बेल्टसाठी. त्याच कार्यक्रमात तानाहाशी आणि सेबरही समोरासमोर आले. म्हणजे एका टॅग मॅचमधून दोन मोठ्या लढती निघाल्या, तेही चॅम्पियनला एकही सिंगल्स हरायला न लावता. रोज सिंगल्स लावणाऱ्या कंपनीला ही सोय नाही. तिथे आव्हानवीर उभा करायचा, तर कुणाला तरी सरळ हरवावंच लागतं.

ही युक्ती न्यू जपानच्या एकट्याच्या मालकीची नाही. ऑल जपान या दुसऱ्या कंपनीत तोशिआकी कावादाने मित्सुहारू मिसावाला पहिल्यांदा पिन केलं, म्हणजे खांदे टेकवून हरवलं, तेही टॅगमध्येच, 9 जून 1995 ला. आणि मुळात जपानला प्रो-रेसलिंगचं वेड लागलं तेच टॅगमुळे. 19 फेब्रुवारी 1954 रोजी टोकियोच्या कुरामाए कोकुगिकान सभागृहात रिकिदोझान आणि मासाहिको किमुरा विरुद्ध परदेशी शार्प बंधू. किमुराने मार खायचा, रिकिदोझानने येऊन हाताच्या फटक्यांनी हिशेब चुकता करायचा. रस्त्यावर लावलेल्या टीव्हींसमोर माणसांचे थवे जमले. तिथल्या प्रेक्षकाला टॅग मॅच वाचता येते, ती या जुन्या वळणामुळे.

तिसरा मुद्दा, रोज तेच ते. याचं उत्तर प्रेक्षक कुठे बसला आहे त्यावर आहे. मोठ्या लढतीआधीच्या दौऱ्यात चॅम्पियन आणि आव्हानवीर दोन बाजूंनी, आपापल्या गटातले सोबती घेऊन, गावोगावच्या जिम्नॅशियममध्ये भिडतात. जपानीत याला ‘झेन्शोसेन’ म्हणतात, मुख्य लढाईआधीची चकमक. साचा ठरलेला. आव्हानवीर पहिलाच उतरतो, चॅम्पियन टाळतो आणि कोपऱ्यातून हसतो. मग एका बाजूच्या खालच्या मल्लाला कोंडून बडवतात, तो कसाबसा टच देतो, पिन मोडायला बाकीचे आत धावतात, शेवटी खालचा पडतो. घंटेनंतर कुणीतरी बेल्ट उचलून दुसऱ्याच्या छातीवर टाकतो. वर प्रत्येक लढतीनंतर पडद्यामागे माइकवर बोलायची सोय असतेच. नियम एकच: दोघांनी एकमेकांवर आपला शेवटचा डाव पूर्ण बसवायचा नाही. तो तिकीट विकायला राखून ठेवायचा.

वर्षातून एकदा तिकीट काढणाऱ्या सेंदाई शहरातल्या माणसाला हे नवं असतं. डिसेंबर 2014 मध्ये कंपनीची महिना 999 येनची ऑनलाइन प्रक्षेपण सेवा आली आणि तोच दौरा घरबसल्या सलग बघणारा प्रेक्षक तयार झाला. तक्रार त्याची आहे. ती खोटी नाही, पण ती खेळाची नव्हे, बघण्याच्या पद्धतीची आहे. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत एकाच नाटकाचे दहा प्रयोग बघितले आणि संवाद तेच म्हणून नाटककाराला धरलं, असं झालं.

तरुण दबतात हे तर उलटंच आहे. कंपनीच्या नोगे इथल्या डोजोतला, म्हणजे तालमीतला पठ्ठा काळी चड्डी घालून येतो. मोजकेच डाव, शेवट बहुधा पाय मुरगाळून कंबर वाकवणाऱ्या बोस्टन क्रॅबने. त्याला दिग्गजाच्या शेजारी कोपऱ्यात उभं केलं, की टच कधी मागायचा, पिन मोडायला किती उशिरा धावायचं, मार खाताना प्रेक्षकाकडे तोंड कसं ठेवायचं, हे सगळं तो तिथेच शिकतो. हरतो अर्थात. हरणं हीच त्याची नोकरी. मर्यादा असलेल्याला झाकायलाही टॅगच कामाला येते. आपल्याकडे ‘द ग्रेट खली’ म्हणून गाजलेला दलीप सिंग राणा 2001 मध्ये न्यू जपानमध्ये ‘जायंट सिंग’ होता, आणि त्याला ब्राझीलच्या जायंट सिल्वाबरोबर जोडीत वापरलं. दोन डोंगर शेजारी उभे केले, की त्यांच्याकडून वीस मिनिटं चपळाईची अपेक्षाच कुणी करत नाही.

आता जोड्यांची हेळसांड. इथे आरोपात दम आहे. सहाजणांचा, म्हणजे तिघा-तिघांच्या संघांसाठीचा, नेव्हर बेल्ट जानेवारी 2016 मध्ये आला आणि सुरुवातीला चिल्लरसारखा फिरला. 4 जानेवारी 2017 ला बुशी, इव्हिल आणि सानादा यांनी तो जिंकला आणि दुसऱ्या दिवशी गमावला. असा बेल्ट प्रेक्षक मनावर घेणार कसा? वर्ल्ड टॅग लीग ही जोड्यांची साखळी स्पर्धाही वर्षाच्या शेवटी लांबलचक चालते आणि तिथे निव्वळ त्या दौऱ्यापुरत्या बांधलेल्या जोड्या भरपूर असतात. दोघांचा एकही सामाईक डाव नाही, पोशाख वेगळे, दोरीपाशी ताळमेळ नाही. अशा जोडीकडून प्रेक्षकाला दोन सिंगल्स मल्ल आळीपाळीने मिळतात, टॅग मिळत नाही.

पण याच खात्यात योशी-हाशी हा मल्लही आहे. 4 जानेवारी 2012 ला तो परदेशातून परतला आणि त्याच दिवशी परतलेल्या ओकाडाकडून पाच मिनिटांच्या आत हरला. सव्वा महिन्यात ओकाडा चॅम्पियन झाला. योशी-हाशी आठ वर्षं बेल्टविना फिरत राहिला. ऑगस्ट 2020 मध्ये गोतो आणि इशीई यांच्याबरोबर त्याने तोच सहाजणांचा बेल्ट जिंकला, तोही स्पर्धेच्या अंतिम लढतीत ओकाडाच्या तिकडीला हरवून. त्यांनी तो 454 दिवस ठेवला. मग गोतो आणि योशी-हाशी ‘बिशामोन’ झाले आणि 2021, 2022, 2023 अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड टॅग लीग त्यांनीच मारली. सिंगल्समध्ये ज्याला मधल्या फळीपलीकडे जागा नव्हती, त्याच्यासाठी जानेवारीत टोकियो डोममध्ये होणाऱ्या, कंपनीच्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमातली बेल्टची लढत टॅगच्याच दारातून आली.