‘क्वेकर नुसते गप्प बसतात’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. आशय असा: अमेरिकेत क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ आहे, ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला म्हातारा त्यांचाच. हे लोक रविवारी तासभर नुसते गप्प बसतात आणि ती कल्पना त्यांनी आपल्या विपश्यनेवरून उचलली. त्यांच्यात पुजारी नाही, नियम नाहीत, मतदान नाही, त्यामुळे कसला निर्णयच होत नाही. आता तर धर्मही संपला, गोऱ्या म्हाताऱ्यांच्या कार्यशाळा तेवढ्या उरल्या.

मी फिलाडेल्फियाजवळ राहते. घरी देवघर आहे, सकाळचा दिवा चुकत नाही. तरी गेली अकरा वर्षं जमेल त्या रविवारी शेजारणीबरोबर क्वेकरांच्या सभेला जाते. त्यांची सभासद नाही. पण ज्यांच्या बाकावर इतकी वर्षं बसले त्यांच्याबद्दल असं वाचून सोडून देववत नाही.

ओट्सचं आधी उरकते. १८७७ साली ओहायोतल्या एका गिरणीने क्वेकर माणसाचं चित्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. क्वेकर व्यापारी मापात पाप करत नाहीत असा लौकिक होता, तो गिरणीला हवा होता. पंथाचा त्या धंद्याशी संबंध तेव्हाही नव्हता, आजही नाही.

विपश्यनेवरून उचललं म्हणता, तर जॉर्ज फॉक्सने इंग्लंडात हा पंथ उभा केला तो १६५० च्या आसपास. गोयंका गुरुजींनी भारतात शिबिरं सुरू केली १९६९ मध्ये. विपश्यना मुळात फार जुनी, हे मान्य. पण क्वेकरांचं मौन चर्चशी झालेल्या त्यांच्या स्वतःच्याच भांडणातून आलं. देव आणि माणूस यांच्यामध्ये पगारी धर्मगुरू कशाला, प्रत्येकाच्या आत देवाचा अंश आहे, असं ते म्हणत आणि त्यापायी हजारोंनी तुरुंगात गेले. शिवाय दोन्हीकडचं मौनही सारखं नाही. इगतपुरीला मी दहा दिवस बसून आले आहे. तिथे शेजारी कोण बसलंय याच्याशी आपल्याला कर्तव्य नसतं, ज्याचा श्वास त्याच्यापाशी. इथे सगळे मिळून वाट बघतात. अर्ध्या तासाने एखादी बाई उठते, चार वाक्यं बोलते, खाली बसते. तिला कोणी उत्तर देत नाही, दुजोराही देत नाही. तिचे शब्द मुरू देतात. कधी अख्खा तास कोणीच बोलत नाही. शेवटी शेजारच्याचा हात हातात घ्यायचा, की सभा संपली.

आता नियम आणि निर्णय. या मुद्द्यावर मला जरा थांबायचंय, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकी सगळ्यात मोलाची गोष्ट उलटी सांगितली आहे.

महिन्यातून एकदा कामकाजाची सभा असते. तीही मौनानेच सुरू होते. मतदान नसतं हे खरं. क्लार्क म्हणून नेमलेली व्यक्ती सगळ्यांचं ऐकून घेते, सभेचा सूर कुठे जातोय ते ओळखते आणि तिथल्या तिथे इतिवृत्त लिहून मोठ्याने वाचून दाखवते. घरी जाऊन सोयीने लिहिणं नाही. आपल्या हाउसिंग सोसायटीचं इतिवृत्त ज्याने कधी नंतर वाचलं असेल, त्याला यातला फरक लगेच कळेल. कोणाला स्वतःचंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं, तर तो एवढंच म्हणतो, ‘हा मित्र माझ्या मनातलं बोलला.’ (क्वेकर एकमेकांना ‘मित्र’ म्हणतात.) तोच मुद्दा पुन्हा मांडत बसत नाही.

एका थंडीत प्रश्न आला की सभागृहाखालच्या तळघरात बेघर कुटुंबांना रात्री झोपू द्यायचं का. तीसेक माणसं हजर होती, जवळजवळ सगळ्यांचा होकार. एक निवृत्त अग्निशामक उभे राहिले आणि म्हणाले, ‘तळघराला बाहेर पडायला एकच दार आहे. मला यात सामील होता येत नाही.’ मतदान असतं तर तीस विरुद्ध एक, विषय संपला असता. क्लार्कने सगळ्यांना शांत बसायला सांगितलं. पाचेक मिनिटं कोणी हललं नाही. मग तिने लिहिलेलं वाचलं: आम्ही अजून एकमताला पोचलेलो नाही, दाराची चौकशी करतो. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘अजून’ हा शब्द कायम ठेवा म्हणालं. दुसरं दार होऊन पहिली कुटुंबं आली तोवर फेब्रुवारी उजाडला होता. थंडीचे दोन महिने हातचे गेले, आणि मला त्याचा फार राग आला होता. तो अजून पूर्ण गेलेला नाही. पण त्या तळघरात मुलं निजलेली बघताना त्या दुसऱ्या दाराकडे माझं लक्ष जातंच.

उशिराचा आरोप मात्र मी खोडणार नाही, कारण इतिहासात तो याहून कितीतरी गंभीर आहे. १६८८ साली इथल्याच जर्मनटाउनमध्ये चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निवेदन दिलं. स्थानिक सभेने ते वरच्या सभेकडे पाठवलं, तिने आणखी वर, आणि वार्षिक सभेने ते बाजूला ठेवून दिलं. पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या क्वेकर विल्यम पेनकडेच गुलाम होते. जो गुलाम बाळगेल तो आमचा सभासद नाही, हा निर्णय फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने घेतला १७७६ मध्ये. मधली ८८ वर्षं ज्यांनी साखळदंडात काढली, त्यांना सभेच्या संयमाचं कौतुक कोणी सांगू नये. आणि त्यानंतरही कृष्णवर्णीयांसाठी वेगळा बाक होता. सारा मॅप्स डग्लस या शिक्षिकेने त्याबद्दल लिहून ठेवलंय.

पण ‘निर्णयच होत नाही’ हे खोटं. जॉन वूलमन नावाचा न्यू जर्सीचा शिंपी वर्षानुवर्षं क्वेकर मालकांच्या घरोघरी जाऊन बसला, जिथे मुक्काम केला तिथल्या गुलामांना त्यांच्या कामाचे पैसे देऊन निघाला. एकेक मन वळवत तो निर्णय झाला, आणि झाला तो पाळायला. १७८७ मध्ये लंडनला गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी १२ जणांची समिती बसली, त्यातले ९ क्वेकर होते.

गोरे म्हातारे? आमच्या सभेत पांढरी डोकी जास्त आहेत, खरंय. पण जगात सर्वांत जास्त क्वेकर आहेत केनियात. १९०२ मध्ये कैमोसीला मिशन सुरू झालं, तिथून ते पसरले. तिथे पाद्री असतो, प्रवचन असतं, दणदणीत गाणी असतात. म्हणजे ‘सगळे क्वेकर गप्प बसतात’ हेही चूकच. आपल्याकडे मध्य प्रदेशात होशंगाबाद-इटारसीच्या भागात १९ व्या शतकापासून क्वेकर कुटुंबं आहेत. आणि वर्ध्याच्या वाचकांना मार्जरी साइक्स हे नाव आठवावं. सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या या बाई क्वेकर होत्या. १९३१ मध्ये गांधीजी बर्मिंगहॅमला गेले तेव्हा उतरले ते वुडब्रुक या क्वेकर अभ्यासकेंद्रात.

राहिल्या कार्यशाळा. धर्म संपल्यावर उरलेला चोथा म्हणजे त्या कार्यशाळा, असा फॉरवर्डचा सूर आहे. १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीन हेवन तुरुंगातल्या कैद्यांनी जवळच्या क्वेकरांना बोलावलं: तरुण पोरांना हिंसेपासून कसं वळवायचं, मदत करा. त्यातून जी कार्यशाळा घडली ती आज कितीतरी देशांच्या तुरुंगांत चालते, आणि शिकवणाऱ्यांत कैदीही असतात. उन्हाळ्यात एखाद्या विद्यापीठात क्वेकरांचा आठवडाभराचा मेळावा भरतो. सकाळी कार्यशाळा, कोणी बायबल वाचतं, कोणी वंशभेदावर बोलतं. वर्तुळात बसायचं, एका प्रश्नावर ज्याने त्याने एकदाच बोलायचं, दोन बोलण्यांच्या मध्ये थोडं थांबायचं. रविवारचंच मौन इथेही असतं, फक्त वर्तुळात.

आणखी एका प्रकाराचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. मोठा पेच पडला की चारपाच जण तुमच्यासाठी दोन तास बसतात. अट एकच, त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला नाही, ‘माझ्या वहिनीचंही असंच झालं’ नाही. आईला साताऱ्याहून इकडे आणावं का, हा माझा प्रश्न होता. नात्यातल्या प्रत्येकाने त्यावर मत दिलं होतं, मामांनी तर व्हिसाचा फॉर्मही पाठवला होता. त्या दिवशी एका आजोबांनी विचारलं, ‘सकाळी उठल्यावर तुझी आई पहिलं काय करते?’ मी सांगायला लागले. मागचं दार उघडते. तुळशीला पाणी घालते. कुंपणापाशी उभी राहून पलीकडच्या शिंदेकाकूंना हाक मारते, त्यांची ओ येईपर्यंत आत येत नाही. एवढं बोलून मी थांबले. कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही. बराच वेळ सगळे तसेच बसून राहिलो.

आई साताऱ्यालाच आहे. मी आता वर्षातून दोनदा जाते.