तौलनिक अभ्यासाची बिनधोक वाट

संशोधन प्रकल्प करायचा ठरला की पहिली काळजी घ्यायची ती विषय लहान होऊ न देण्याची. लहान विषयात लपायला जागा नसते. दोन कलाकृतींतला एखादाच प्रसंग घ्यावा, असलं काही मनात आलं तर लगेच झटकून टाका. मग तो प्रसंग वाचावा लागेल, आणि तोही दोन्हीकडे. त्यापेक्षा 'कादंबरी, नाटक, कविता व चित्रपट यांतील स्त्री, समाज आणि मानवी मूल्ये : एक तौलनिक अभ्यास' कसं भारदस्त वाटतं! या छपराखाली काहीही मावतं. कलाकृती मात्र चित्रपट निघालेल्याच निवडा. निवडीचा निकष विचारला तर 'प्रातिनिधिक' म्हणायचं.

गृहीतक असं हवं की ते खोटं ठरण्याची सोयच नको. 'निवडलेल्या साहित्यकृतींत काही साम्ये व काही भेद आढळतील.' जगातल्या कुठल्याही दोन गोष्टींना हे लागू पडतं. शेवटी निष्कर्षात तेच वाक्य भूतकाळात लिहिलं की सिद्धही होतं.

दुसरं प्रकरण 'साहित्यप्रकार : संकल्पना व स्वरूप'. इथे ॲरिस्टॉटलला बोलवावंच लागतं. 'काव्यशास्त्रा'त त्यानं महाकाव्य आणि शोकात्मिका शेजारी ठेवून पाहिली आहेत. महाकाव्याला काळाची मर्यादा नाही, शोकात्मिका शक्यतो सूर्याच्या एका फेऱ्यात आटोपायला बघते. एकाच वेळी अनेक ठिकाणी घडणाऱ्या घटना महाकाव्याला सांगता येतात, रंगमंचावर नट उभे असतील तेवढंच दिसतं. हे अवतरणचिन्हांत घाला आणि प्रकरण संपवा. पुढे त्याचा उपयोग करायला जाऊ नका. व्याख्यांचं प्रकरण आणि विश्लेषणाचं प्रकरण यांची गाठ पडू न देणं, हीच खरी संशोधनपद्धती.

एक धोक्याची जागा आधीच दाखवून ठेवतो. समजा, कुणी तुम्हाला शकुंतला सुचवली: महाभारताच्या आदिपर्वातलं उपाख्यान आणि कालिदासाचं सात अंकी नाटक. कथा तीच, माणसं तीच, वरवर सगळं सोपं. पण वाचायला बसलात की पाय घसरलाच म्हणून समजा. महाभारतात शाप नाही, अंगठीही नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते, दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरी तो 'आठवत नाही' म्हणतो. आठवत होतं हे आपल्याला कसं कळतं? निवेदक सांगून मोकळा होतो म्हणून. मग ती राजाला तोंडावर खडसावते आणि शेवटी आकाशवाणीला मध्ये पडावं लागतं. नाटकात हा निवेदक नाही. राजाच्या मनात काय आहे ते परस्पर सांगणारं कुणी नाही. तिथे विस्मरण बाहेरून येतं, दुर्वासाच्या शापातून. आणि आठवणीच्या जागी येते हातात धरून दाखवता येईल अशी अंगठी. तो शापही पडद्याआडून ऐकू येतो. दोघी सख्या ऐकतात, प्रेक्षक ऐकतात; जिला दिला ती आपल्याच विचारात. पाचव्या अंकात ती राजासमोर उभी राहते तेव्हा त्या दोघांनाही ठाऊक नसलेली गोष्ट सगळ्या प्रेक्षागृहाला ठाऊक असते.

बघा, किती अडचण झाली. आता 'दोन्हींत स्त्रीचे दुःख प्रभावीपणे चित्रित झाले आहे' हे वाक्य लिहायची लाज वाटू लागेल, आणि निम्मा प्रकल्प तर त्याच वाक्यावर उभा आहे. तेव्हा नायकाला निर्दोष ठेवण्यासाठी शाप आला, हे तयार उत्तर घ्या आणि तिथून निघा. (उत्तर चुकीचं नाही. म्हणूनच ते इतकं सोयीचं आहे.)

परदेशी कलाकृतींकडे पळूनही सुटका नाही. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीत तो निर्माण केलेला जीव पानंच्या पानं बोलतो. १८२३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आला तो मुका होऊन. आता 'का?' विचारायचा मोह होईल. आवरा.

मोह आवरण्यासाठीच तक्ता असतो. डाव्या रकान्यात कादंबरी, उजव्या रकान्यात नाटक. नायिका: आहे, आहे. संघर्ष: आहे, आहे. संवाद: कमी, जास्त. हे शेवटचं तर जवळजवळ संशोधनच झालं!

वेळापत्रक रंगीत काढा. 'साहित्यकृतींचे वाचन' याला एक आठवडा पुरे, शक्यतो सुट्टीतला. मुखपृष्ठ, समास, बांधणी आणि मार्गदर्शकांची सही यांना खरा वेळ लागतो. ऋणनिर्देश आधीच लिहून ठेवा. प्रकल्पातला तेवढाच भाग तुम्हाला स्वतः लिहावा लागतो.

तोंडी परीक्षेत कुणी विचारलंच, की नाटकातच अंगठी का, तर गडबडू नका. 'तो माझ्या अभ्यासाच्या व्याप्तीबाहेरचा प्रश्न आहे' असं नम्रपणे सांगा आणि 'पुढील संशोधनाच्या दिशा' हे पान उघडून पुढे करा. तिथे तो चौथ्या क्रमांकावर टाकलेला असला म्हणजे झालं.