बर्लिनर श्ट्रासे, पण कुठली?

बर्लिनमध्ये आठ वर्षे राहिल्यामुळे हे शहर आपल्याला कळले आहे, असा माझा एक समज होता. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, श्रीखंडाचा डबा हातात असताना, तो धुळीस मिळाला.

झाले असे की, माझ्या एका मित्राने घर बदलले आणि आम्हा एकट्या जिवाला जेवायला बोलावले. फोनवर निरोप आला: ‘बर्लिनर श्ट्रासे, नंबर अमुक, मागच्या अंगणातली इमारत, तिसरा मजला. बेलवर आमचं नाव नाही, घरमालकाचं आहे, म्युलर. तेच दाबायचं.’ इथल्या इमारतींत घराला क्रमांक नसतो, दारावर फक्त आडनावांची पाटी असते आणि ज्याचे आडनाव तिथे नाही तो माणूस त्या घरात राहतच नाही असे पोस्टमनपासून पाहुण्यापर्यंत सर्वांनी धरून चालायचे असते. त्यामुळे म्युलरची सूचना मला फार मोलाची वाटली. इतका बारकाईने पत्ता देणारा माणूस त्यातला एकच आवश्यक शब्द गाळेल, अशी शंका येण्याचे काही कारण नव्हते.

मी राहतो लिश्टनराडेला, म्हणजे शहराच्या अगदी दक्षिण टोकाला. अशा ठिकाणांसाठी बर्लिनकरांकडे ‘यॉट-वे-डे’ असा तीन अक्षरांचा खास शब्द आहे. त्याचा अर्थ ‘फार म्हणजे फारच लांब’ आणि तो उच्चारताना चेहरा सांत्वनाला आल्यासारखा करायचा असतो. फोनच्या नकाशात ‘बर्लिनर श्ट्रासे’ टाकताच त्याने सात-आठ पर्याय पुढे केले. त्यात सर्वांत वर याच नावाचे भुयारी रेल्वेचे स्थानक होते. साक्षात स्थानकालाच त्या रस्त्याचे नाव दिलेले असताना आणखी चौकशी काय करायची? एस-२ गाडीने यॉर्कश्ट्रासेला उतरलो, तिथे यू-७ धरली आणि पाऊण-एक तासात विल्मर्सडॉर्फ या सभ्य वस्तीत बाहेर आलो.

क्रमांक सापडला. पाटीवर म्युलरही सापडले. (म्युलर हे जर्मनीतले सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे, हे मला तेव्हाही माहीत होते, पण माहीत असणे आणि आठवणे यांत अंतर असते.) मी बेल दाबून मराठीत ‘आलो रे!’ असे ओरडलो आणि दार उघडले. तिसऱ्या मजल्यावर लोकरी स्वेटर घातलेले, ऐंशीच्या घरातले एक आजोबा दारात उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे, मग डब्याकडे पाहिले आणि आपण काहीही मागवलेले नाही असे शांतपणे सांगितले.

मी पत्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारले, “पोस्टाचा क्रमांक काय?” तो नव्हता. यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी पुण्यात चुकलेल्या माणसाला रस्ता सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळदा पाहिला आहे. बर्लिनर श्ट्रासे बर्लिनमध्ये अनेक आहेत, ते म्हणाले. एक इथे, एक त्सेलेनडॉर्फला, एक टेगेलला, एक पांकोला, आणि तेवढ्यावर संपत नाही. १९२० सालच्या ऑक्टोबरपर्यंत ही सगळी वेगळी गावे होती आणि त्या प्रत्येक गावातून बर्लिनकडे जाणारा रस्ता तो बर्लिनर श्ट्रासे, इतका साधा हिशोब होता. मग एका कायद्याने जुने बर्लिन धरून ८ शहरे, ५९ गावे आणि २७ जहागिरी एकत्र करून आजचे बर्लिन बनवले, आणि ज्या रस्त्यांनी बर्लिनला जायचे ते रस्तेच बर्लिनमध्ये आले.

खरे तर यात मला नवल वाटायला नको होते. पुण्यात सोलापूर रस्ता आहे आणि तो धरून चालणारा माणूस सोलापुरात आहे असे कोणी मानत नाही. पण पुण्याने निदान आजूबाजूची पाच-सहा सोलापूर रस्त्यांची गावे एकदम गिळलेली नाहीत.

जिन्यात उभा राहून मी मित्राला फोन लावला.

“अरे, पांकोची बर्लिनर श्ट्रासे!”

“मग पांको लिहायचं ना!”

“इथे सगळे नुसतं बर्लिनर श्ट्रासेच म्हणतात.”

म्हणणारच. बर्लिनकर शहरात राहत नाही, तो आपल्या ‘कीत्स’मध्ये राहतो. कीत्स म्हणजे चार गल्ल्या, एक बेकरी, एक रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे दुकान आणि पलीकडच्या गल्लीविषयी तुच्छता. सरकारने २००१ साली २३ जिल्ह्यांचे १२ केले. पण प्रेन्त्सलाउअर बेर्गमधला माणूस आता कागदोपत्री पांको जिल्ह्यात राहतो हे त्याला सांगून पाहावे, तो दुखावतो. फ्रीडरिशहाइन आणि क्रॉइत्सबेर्ग यांचे असेच लग्न लावायचे ठरले, तर मधल्या ओबरबाउम पुलावर दोन्हीकडचे लोक जमून एकमेकांना सडक्या भाज्या फेकून मारू लागले. आपल्याकडे विहिणी निदान शब्दांवर भागवतात.

श्रीखंड घरचे होते. इथे चक्का मिळत नाही, म्हणून क्वार्क नावाचे जर्मन दही रात्रभर फडक्यात टांगून मी ते केले होते, आणि एकदा गोठवण यंत्रातून बाहेर काढल्यावर ते आपले वय फार वेगाने दाखवते. मी यू-९ ने प्राणिसंग्रहालयाच्या स्थानकापर्यंत आणि तिथून यू-२ ने शहर आडवे कापत थेट शेवटच्या स्थानकापर्यंत, म्हणजे पांकोपर्यंत, तो डबा मांडीवर आडवा होऊ न देता नेला. स्थानकाबाहेर येताच समोर एस-बानची, म्हणजे उपनगरी रेल्वेची, पाटी दिसली. तिच्यावर लिहिले होते: एस-२. म्हणजे सकाळी ज्या गाडीत लिश्टनराडेला बसलो, त्याच गाडीत, त्याच जागेवर, काहीही न करता बसून राहिलो असतो तर इथेच उतरलो असतो.

साडेतीन वाजता वहिनींनी दार उघडले. “भावजी, किती उशीर! पुऱ्या पार चामड्यासारख्या झाल्या,” असे म्हणत त्यांनी डबा उघडला, चमचा बुडवला आणि बराच वेळ उंचावरून धार पाहिली. “मठ्ठा छान झालाय,” त्या म्हणाल्या.

जेवण उत्तम होते. निघताना मीच त्यांना पुढच्या रविवारचे आमंत्रण दिले. “बानहोफश्ट्रासेला या,” मी म्हणालो, “स्टेशनपासून पाच मिनिटं.”

“ती क्योपेनिकची ना?” मित्र आनंदाने म्हणाला. “माझ्या ऑफिसला जवळच पडते.”

मी बूट काढले, परत आत गेलो आणि वहिनींकडे कागद-पेन मागितले.