कबुलीच्या आधीचं एक वाक्य

गेल्या रविवारी कोल्हापूरहून मावसभावाचा फोन आला. मिरवणुकीतल्या मारामारीची जुनी केस. तारखांवर तारखा पडतायत, कामाचे खाडे होतायत. म्हणाला, "दादा, गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळा होतो. जास्तच काय झालं तर अपील करू की. आता हायकोर्ट दारातच आलंय!"

हायकोर्ट दारात आलं हे खरं. चाळीसहून अधिक वर्षं वकील-पक्षकार भांडले, तेव्हा ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची मुंबईची फेरी वाचली. मला इथे अमेरिकेत बसून त्याचा अभिमान वाटतो. पण कबुली दिलेल्या माणसाला या दाराचा उपयोग किती? दंडाधिकाऱ्याच्या निकालावरचं अपील आधी सत्र न्यायालयात जातं. त्यातही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याचं, कलम ४१६ आडवं येतं. जुन्या संहितेत हेच ३७५ होतं. कबुलीवरून शिक्षा झाली, तर शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतंच अपील. "मी मारलंच नव्हतं" हे तिथे चालत नाही. कबुली मनापासूनची नव्हती किंवा आरोप नीट समजावलाच नव्हता, असं दाखवता आलं तर वरचं कोर्ट लक्ष घालतं. पण तेवढं लढायला पैसा आणि दम लागतो.

मी न्यू जर्सीत कोर्टात दुभाष्याचं काम करतो. फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टात कबुली घेण्याआधी न्यायाधीश स्वतः आरोपीशी बोलतात. सरकारी वकिलाशी झालेल्या कबुलीच्या करारात अपिलाचा हक्क सोडायची अट असेल, तर ती त्याला उघड सांगावी लागते, समजली का हे विचारावं लागतं. ते वाक्य मी हिंदीत सांगितलं की बरेच जण दचकून वकिलाकडे बघतात. तोवर त्यांना ते कळलेलंच नसतं.

म्हणून इथलं सगळं उचलून न्या, असं मी म्हणणार नाही. फेडरल कोर्टातल्या दोषसिद्धींपैकी ९७ टक्के कबुलीवरच होतात, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२मध्ये नोंदवलंय. खटला लढून हरलो तर कितीतरी मोठी शिक्षा होईल, या भीतीने माणसं सह्या करतात. ती भीती मी रोज जवळून बघतो. ती आपल्याकडे नको.

मला हवंय ते फक्त ते वाक्य. "कबूल आहे" लिहून घेण्याआधी न्यायाधीशांनी मराठीत सांगावं: बाबा, यानंतर दोषी ठरवल्याविरुद्ध तुला अपील करता येणार नाही. अर्धं मिनिट लागेल. बेंचसाठी एवढी वर्षं झगडलेल्या वकिलांनी आता हेही मागावं.

भावाला सांगितलंय, तारखेच्या आधी वकीलसाहेबांकडे जा. साधी मारामारी आहे, समोरच्याशी तडजोड होते का ते विचार. आणि तू मारलं नसशील, तर कबूल म्हणू नकोस.