हिरव्या शाईचं शहर

सर्वप्रथम अभिनंदन. जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या केबिनबाहेर ताटकळलेल्या गावानं डिसेंबर २०२५ मध्ये तुम्हाला थेट नगराध्यक्ष केलंय. प्रचाराच्या पत्रकात 'हरित शहर' हा शब्द तुम्हीच घातलात. आता ते खरंच करावं लागतंय की काय, या काळजीनं तुमची झोप उडाली असेल तर माझं ऐका. मी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात एकतीस वर्षं कारकुनी केली. एवढ्या वर्षांत गावात जे काही हिरवं झालं ते पावसानं केलं. नगरपरिषदेनं केलेलं हिरवं म्हणजे एक तर ऑइलपेंट, नाही तर साहेबाच्या पेनातली शाई.

सुरुवात झाडांपासून करा. कोकणात झाड लावायला अक्कल लागत नाही, ही तुमची खरी अडचण. गडग्याच्या फटीत पिंपळ उगवतो, पाण्याच्या टाकीवर उगवतो, नगरपरिषदेच्या गच्चीवर तर उगवतोच. चार पावसाळे डोंगराला कोणी कोयती लावली नाही, की ऐन, किंजळ, कुडा, करवंद आपोआप दाटतात. पण त्याचं उद्घाटन कसं करणार? म्हणून आधी जेसीबी बोलवा. रान 'साफ' करून घ्या. लाल माती उघडी पडली की सरळ रांगेत गुलमोहर लावा, प्रत्येकाभोवती हिरवी जाळी, जाळीवर तुमचं नाव. पुढच्या वर्षी गुलमोहर नसला तरी जाळी असते.

मग गुणांचं बघा. राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर शहरांना गुण मिळतात. योजना मुळात वाईट नाही, मनावर घेतली तर गावाचं भलं होईल, म्हणून जरा जपून. भूमीला कचरा आणि झाडं मोजतात, जलाला विहिरी-तळी. आकाशात मात्र शपथा आणि जनजागृती येते. जमिनीवर काही करायचं नसेल तर आकाश मोकळं आहे. शाळेतल्या पोरांना पटांगणात उभं करा आणि हात पुढे करायला सांगा. ऊन लागून एखादं खाली बसलं तर त्याला सावलीत न्यायला सांगा. सावली नसेल, पटांगणातला वड गेल्याच वर्षी स्टेजसाठी गेला, ते तुमच्या लक्षात असेलच.

अभ्यास दौरा हा प्रत्येक नगरसेवकाचा हक्क आहे. फक्त वेंगुर्ल्याला जाऊ नका. एसटीनं दिवसात जाऊन येता येतं, त्यामुळे भत्ता सुटत नाही, हे एक. दुसरं म्हणजे तिथल्या नगरपरिषदेनं कचरा घरातच वेगळा करायला लावला, ओल्याचा बायोगॅस केला, प्लास्टिक बारीक करून डांबरात घातलं, आणि जिथं नाक धरून जायचं तो कचरा डेपो लोक आता मुद्दाम बघायला येतात. आपल्यासारखाच पाऊस, आपल्यासारखंच तुटपुंजं बजेट, आणि तरी झालं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'आपल्याकडे शक्य नाही' हे वाक्य सभागृहात पूर्वीच्या ठसक्यात म्हणता येत नाही. त्यापेक्षा परदेशाबद्दल बोला. तिथंही कोपनहेगनचं नाव टाळा. त्या शहरानं २०२५ पर्यंत कार्बनचा हिशोब शून्यावर आणू म्हटलं होतं आणि २०२२ मध्ये, मुदतीला तीन वर्षं बाकी असताना, 'जमत नाही' असं जाहीर सांगून टाकलं. असला बावळटपणा आपल्या सभागृहात कोणी केल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे उद्दिष्ट चुकत नसतं. नव्या प्रस्तावात जातं.

प्लास्टिकबंदीची मोहीम दर सहा महिन्यांनी काढा. २०१८ पासून कायदा हाताशी आहेच. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तुरुंग. मोहीम घाऊक गोदामात नेऊ नका, तिथं ओळखी निघतात. मासळी बाजारात न्या. मी एकदा पावतीपुस्तक धरायला गेलो होतो. निरीक्षकानं एका म्हाताऱ्या बाईच्या पाटीखालून पिशव्यांचं बंडल ओढलं आणि पाच हजार म्हणाला. ती उठली नाही. बांगड्यांवरची माशी हाकलत म्हणाली, "साहेबानू, सगळी पाटी पाचशेची आसा. पाटी घेवन जावा, वरचे साडेचार हजार नारळी पुनवेक देतंय." आम्ही पावती न फाडता परत आलो. येताना निरीक्षकानं पावशेर बांगडे घेतले. पिशवीतूनच, आणखी कशातून?

आता अधिकाराचं. हे हळू आवाजात वाचा. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची घातली, तिच्यात नागरी संस्थांसाठी १८ विषय आहेत. त्यातला एक चक्क नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं संरक्षण हा. म्हणजे कोणी विचारलं तर 'आमच्या हातात काही नाही' हे धडधडीत खोटं ठरतं. पण विचारत कोणी नाही. तेव्हा गटाराबद्दल विचारलं तर 'वर पाठवलंय' म्हणा, नदीबद्दल विचारलं तर 'ते जलसंपदाकडे', आणि कांदळवनाबद्दल विचारलं तर २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला ही आनंदाची बातमी द्या. चिप्पीचं सुंदर चित्र खाडीकडच्या संरक्षक भिंतीवर काढून घ्या. भिंत कशावर उभी आहे, हे चित्रात येत नाही.

खरं हरित राजकारण मात्र व्हाळात, म्हणजे ओढ्यात आहे. मन लावून वाचा, कारण हे मी स्वतःच्या हातानं केलंय.

आमच्या गावातून एक व्हाळ जायचा. डोंगरावरच्या सड्यावरून निघायचा, चार आळ्यांच्या मागून फिरायचा आणि खाडीला मिळायचा. उन्हाळ्यात कोंडी सोडली तर कोरडा, जूनमध्ये हत्तीसारखा. असा व्हाळ बुजवायला मातीचा डंपर लागतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही राजकारणात नवे आहात. तो कागदावर बुजतो. १९९४ च्या एका टिपणात मी 'नैसर्गिक ओहोळ' असं लिहिलं होतं. पुढच्या अंदाजपत्रकात साहेब म्हणाले, नाला लिही, सुटसुटीत आहे. मी लिहिलं. नाला झाला की तो घाण असतोच, म्हणून चार वर्षांनी 'आरसीसी गटार बांधणे'. गटार उघडं असणं आरोग्याला वाईट, म्हणून त्यावर स्लॅब. मोकळा स्लॅब डोळ्यांत खुपतो, म्हणून पेव्हर ब्लॉक, पार्किंग, आणि कडेला सात गाळे. गाळे कोणाचे हे मी सांगत नाही. तुमच्या मागच्या बाकावर बसतात. एकाही टप्प्यावर कोणी व्हाळ बुजवला नाही. सगळे ठराव एकमतानं झाले आणि सगळ्यांवर माझं टायपिंग आहे.

यात हरित परिवर्तन कुठलं, असं विचाराल. अहो, स्लॅबच्या टोकाला उभ्या केलेल्या सेल्फी पॉइंटवर हिरव्या अक्षरांत लिहिलंय की!

व्हाळ उघडायचा तर मागच्या बाकाला 'नाही' म्हणावं लागतं. त्या एका शब्दाला कुठल्याही अभियानात गुण नाहीत, आणि पुढच्या निवडणुकीत मतं नाहीत. तेव्हा त्या भानगडीत पडू नका.

आणि कोणी पूररेषा आखायला आलं तर चहा पाजून परत पाठवा. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधायचं नाही. वाशिष्ठी नदीला हे गणित कोणी शिकवलेलं नसावं, ती चिपळुणात जुलै २००५ ला शिरली आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा, बाजारपेठेत माणूस बुडेल एवढी. रेषा आल्या तेव्हा लोक भडकले, आणि ते नुसतंच आडमुठेपणानं असं मला म्हणवत नाही. वाडवडिलांचं घर रेषेत सापडलं की मोडकी भिंतही बांधायची चोरी होते, आणि ज्यांनी नंतर भराव टाकून इमले चढवले ते बोलायला पुढे. गाळ काढा म्हणून तिथल्या माणसांना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे बघा, नदीतला गाळ काढणं हीसुद्धा मागणी होऊ शकते. तुम्ही उपोषणाच्या मंडपाला भेट देऊन या, फोटो चांगले येतात.

राहिली जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-जिवांची यादी. कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेला ती ठेवावी लागते. आमची मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात झाली, शेजारच्या गावची उतरवून. शेजारगावाला देवराई आहे, त्यामुळे आमच्या बसस्टँडच्या वॉर्डात धनेश पक्षी निघाला. तपासायला कोणी आलं नाही.

तिच्यात एक खरी नोंद मात्र आहे, ती मी केलेली. निवृत्तीच्या आधीचा मृगाचा पहिला मोठा पाऊस होता. चढणीच्या माशांना पेव्हर ब्लॉकची बातमी कळलेली नसते, ते खाडीतून जुन्या वाटेनं वर निघाले. रात्री स्लॅबखाली पाणी तुंबलं आणि पार्किंगमधलं चेंबरचं झाकण उचललं गेलं. सकाळी मी ऑफिसला जाताना पाहिलं तर दोन दुचाकींच्या मध्ये एक खवळा तडफडत होता, आणि गाळेवाल्याचा पोरगा त्याला चपलेनं ढकलून झाकणाच्या फटीत परत घालायला बघत होता. मी त्याला मासा उचलून दिला. मग टेबलावर गेलो, नोंदवही काढली आणि लिहिलं: वॉर्ड क्र. ४, नगरपरिषद पार्किंग, खवळा, नग एक, जिवंत. साहेबांनी हिरव्या शाईनं सही केली.