सल्ला कोण देतो आणि सल्ल्यामागे काय असते

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजासाठी आरोग्यशिक्षणाचा विषय निघाला की 'विश्वासातली माणसे' हा शब्दप्रयोग हटकून येतो. चर्चमधले पाद्री, वस्तीतली परिचारिका, केस कापणारा कारागीर यांनी सांगितले की लोक ऐकतात, असा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे असे माझे मत आहे, आणि त्यासाठी अलाबामा राज्यातल्या टस्कीगी या गावाकडे पाहावे लागते.

१९१५ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते आणि शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तेथील टस्कीगी या शिक्षणसंस्थेच्या आधाराने राष्ट्रीय आरोग्य सप्ताहाची चळवळ सुरू केली. समाजाने स्वतःसाठी उभे केलेले ते आरोग्यशिक्षणच होते. पुढे १९३२ मध्ये त्याच परिसरात, त्याच संस्थेच्या सहकार्याने, सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेने उपचाराविना सिफिलिस हा लैंगिक संसर्गाचा रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास आरंभला. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता, पण "तुमचे रक्त खराब आहे" याखेरीज त्यांना खरे काही सांगितले गेले नाही. तपासणीसाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढायचे तेही 'खास मोफत उपचार' म्हणून. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा रूढ उपचार झाल्यावरही ते त्यांना मिळू दिले नाही आणि १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून गवगवा झाला तेव्हाच हे थांबले. या माणसांना गाडीतून नेणारी, त्यांची विचारपूस करणारी युनिस रिव्हर्स ही कृष्णवर्णीय परिचारिकाच होती. विश्वासातले माणूस म्हणाल तर याहून अधिक विश्वासातले कोण असणार?

कृष्णवर्णीयांचा आरोग्यव्यवस्थेवरचा अविश्वास केवळ अशा जुन्या आठवणींवर पोसलेला नाही. कोविडच्या काळात आपल्याकडेही घरोघर बोटाला लावला गेलेला ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजनची कमतरता अधिक वेळा लपवतो, हे मिशिगनमधील डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवले. कृष्णवर्णीय रुग्णांत अशी चूक गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळली. इथे शिकवणी रुग्णाची घ्यायची की डॉक्टरांची?

म्हणूनच मला लॉस एंजेलिसचा प्रयोग मोलाचा वाटतो. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या गटाने कृष्णवर्णीयांच्या मालकीची ५२ केशकर्तनालये आणि रक्तदाब वाढलेली ३१९ नेहमीची गिऱ्हाइके निवडली. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही दुकानांत कारागिराने फक्त समजावायचे होते: खाण्यापिण्याकडे लक्ष द्या, डॉक्टरांना दाखवा. उरलेल्या दुकानांत औषधतज्ज्ञ (फार्मासिस्ट) स्वतः येत, तिथेच रक्तदाब मोजत आणि गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार तिथेच औषध लिहून देत. सहा महिन्यांनी समजावणीच्या दुकानांत वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला होता, औषधाच्या दुकानांत २७ अंकांनी. १३०/८० च्या खाली आलेले पहिल्या गटात जेमतेम १२ टक्के, दुसऱ्यात ६४ टक्के.

दोन्हीकडे खुर्ची तीच होती आणि मानेवरून वस्तरा फिरवणारा हातही ओळखीचाच होता. समजावणारे कारागीर कुठे कमी पडले असे मला वाटत नाही. "डॉक्टरांना दाखवा" हे ऐकून गिऱ्हाईक उठले की पुढे वेळ घेणे, रजा टाकणे, विम्याचा घोळ निस्तरणे आणि आपले म्हणणे ऐकून घेईल असा डॉक्टर शोधणे, हे सगळे त्याच्या एकट्यावर येत होते. दुसऱ्या दुकानात मात्र औषधाची चिठ्ठी घेऊनच तो बाहेर पडू शकत होता.